हातभर भिंत

पहिल्याच घावाला गिलाव्याचा टवका उडाला आणि शिवप्रियेच्या कपाळाला लागला. भुवईवरून रक्त ओघळलं. महांतप्पानं ते पाहिलं आणि तरी पहार पुन्हा उचलली.

"अप्पा, थांबा!"

"हातभर भिंत! मला वीतभर सांगितलीस. बापाला फसवतीस?"

तो महिनाभर आळंदला बहिणीकडे गेला होता. तेवढ्यात लेकीनं पत्र्याच्या जुन्या खोलीमागं नवी खोली उभी केली. घरांचे नकाशे काढायला शिकलेली पोर, तिच्या हाताला उसंत कुठली! आज परत आल्यावर पिशवीही खाली न ठेवता त्यानं खिडकीच्या चौकटीवर हात आडवा ठेवला, तर बोटांपासून कोपरापर्यंत सगळा हात भिंतीच्या जाडीत मावला.

त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या अशाच जाड भिंती आणि वरचं मातीचं माळवद त्याच्या पहिल्या बायकोवर आणि तान्ह्या लेकरावर बसलं होतं. शिवप्रियेच्या आईचा, गंगम्माचा, पहिला नवराही त्याच रात्री गेला. मागं उरलेल्या या दोघांचं लग्न लोकांनी लावून दिलं, तेव्हा दोघांचं एकच ठरलं होतं: जाड भिंतीखाली निजायचं नाही. तेव्हापासून दोघं पत्र्याखाली राहिली. पत्रा माणसाला गाडत नाही हे खरंच, तो नुसता भाजतो. मागच्या वैशाखात गंगम्मा त्याच पत्र्याखाली भोवळ येऊन पडली, दातखीळ बसली. पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाही, असं लोहाऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून शिवप्रिया खोटं बोलली, आणि तिला त्याचा पश्चात्ताप नव्हता.

सिदू गवंडी मध्ये पडला.

"मालक, ही तसली भित न्हाय. ईटांच्या दोन पातळ पडद्या हायेत, मधी नुसती हवा, म्हून ऊन आत जात न्हाय. कोपऱ्याला सळया हायेत. वर माळवद बी न्हाय..."

पहारीचं मागचं टोक त्याच्या बरगडीत बसलं. सिदू कळवळत वाळूच्या ढिगावर कोसळला.

शिवप्रिया बापाच्या हाताला लोंबकळली. त्यानं झटकलं तशी ती मनगटाला कडकडून चावली. महांतप्पानं तिच्या थोबाडीत मारली. जन्मात कधी तिच्यावर हात उगारला नव्हता त्यानं.

"अव्वा आत हाय, अप्पा!" ती किंचाळली.

"आनिक खोटं! गंगम्मा मरंल, पर भितीखाली जायची न्हाय."

आता तो मोजूनमापून मारत नव्हता, सूड घेत होता. विटा फुटत होत्या, डोळ्यांत माती जात होती, तळहात सोलपटले होते. बाहेरची पडदी फोडून पहार पोकळीत घुसली, मग आतल्या पडदीतून आरपार गेली. आत तांब्या घरंगळला. पाठोपाठ कुणीतरी खोकलं.

पहार हातातच राहिली.

गंगम्मा दारात आली. गालावर चटईचे वळ, आणि केसांत पांढरा धुरळा. असाच धुरळा केसांत असलेली एक बाई महांतप्पानं स्वतःच्या हातांनी उकरून काढली होती.

"झोपेत वाटलं, विसर्जनाचे ढोल वाजत्यात," गंगम्मा म्हणाली.

"तू आत? गंगे, आपलं ठरलं व्हतं की."

"व्हय, ठरलं व्हतं. तुमी गेल्यापासनं रोज दुपारी हितंच निजते. डोळा लागतोय."

"आन् भित पडली असती मंजे?"

"पाडत तर तुमीच व्हता."

ती रागानं बोलली नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं. तिनं पदरानं लेकीचं कपाळ पुसलं, सिदूला पाणी दिलं आणि परत आत गेली. चटई झटकल्याचा आवाज आला, मग काहीच नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. महांतप्पानं पहार हळूच, आवाज न करता खाली ठेवली. ज्या कोपऱ्याला भगदाड पाडलं होतं तिथं जाऊन त्यानं पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या आणि सगळ्या अंगाचा भार भिंतीवर टाकला.

"अप्पा, उन्हात नका थांबू," शिवप्रिया म्हणाली. तिचा गाल सुजला होता. "पडत न्हाय ती. सळया हायेत आत."

"गप," तो कुजबुजला. "जागी हुईल ती."