गोलासमोरचा उंचवटा

रोदिओनने हातगाडी पेनल्टीच्या खुणेपाशी सोडली आणि धावत जाऊन अर्कादीच्या हातातलं फावडं धरलं.

"राहू दे ना, अर्काशा. इथे गवताची काडी नाही. उकरून काय मिळणार तुला?"

"तेच तर बघायचंय!" अर्कादीने फावडं हिसकून घेतलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "या रे या! आज उंचवट्याचा एकदाचा निकाल लावून टाकू!"

मग काय विचारता! मैदानभर गवताच्या वळकट्या गुंडाळत बसलेली माणसं कमरेवर हात ठेवून उठली आणि उत्तरेकडच्या गोलाकडे निघाली. तिखोबोर्स्कच्या बुक्सीर फुटबॉल क्लबचं जुनं गवत त्या दिवशी निघत होतं. नव्या मालकाने कृत्रिम गवत मागवलं होतं, आणि जुनं ज्याला हवं त्याने घेऊन जावं असं फाटकावर लिहिलं होतं. अर्धं गाव लोटलं होतं. कुणाला दाचाच्या, म्हणजे गावाबाहेरच्या सुटीच्या घराच्या, अंगणात लावायला हवं होतं, कुणाला नुसतीच आठवण म्हणून. मधल्या वर्तुळातल्या गवतावरून तर सकाळीच दोन म्हाताऱ्यांची जुंपली होती.

आठवणी तरी किती! नदीवर गाढवासारख्या राबणाऱ्या, मोठ्या जहाजांना ओढून नेणाऱ्या बोटी इथल्या कारखान्यात बनत. त्या कामगारांनीच हा क्लब काढला आणि बोटीचंच नाव त्याला दिलं, बुक्सीर. पुढे कारखाना बंद पडला. मग एका सिमेंटवाल्याने क्लब घेऊन स्वतःचं नाव लावलं, त्याच्यानंतर एका बँकेने. मधली काही वर्षं तर कुणीच वाली नव्हता, खेळाडू आपले बूट आपणच आणत आणि मैदानात कुणाची तरी बकरी चरत असे. पण गावाने या सगळ्या नावांतलं एकही तोंडात घेतलं नाही. आता क्लब व्यावसायिक लीगमध्ये परत आला होता आणि त्याचं जुनं नावही परत आलं होतं.

आणि एकदा, फक्त एकदा, हा क्लब सगळ्यात वरच्या लीगच्या दारात जाऊन उभा होता. देश मोडला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. शेवटचा सामना, बरोबरी पुरेशी होती. सामना संपता संपता पाहुण्या संघाच्या एका पोराने लांबून एक फटका मारला. फटका कसला, आजीने नातवाकडे ढकलावा तसा घरंगळत आलेला चेंडू. गोलरक्षक होता रोदिओन. तो खाली बसला, त्याने हात पसरले, आणि चेंडू त्याच्या हातांमधून, पायांमधून, आरामात गोलात गेला.

"उंचवटा होता. त्याच्यावर चेंडू उसळला," रोदिओनने वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं.

त्या दिवसापासून गावाला दोन शब्द मिळाले. रोदिओन येफीमोविचला लोक चाळण म्हणू लागले. आणि कुणाच्या हातून चहा सांडो, कुणाची बस चुको, कुणाची बायको सोडून जावो, उत्तर एकच. "उंचवटा होता!" हा विनोद पहिल्यांदा काढला अर्कादीने. तो रोदिओनच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचा, सामन्याला ढोल वाजवायचा. रोदिओनचा लहानपणापासूनचा मित्र, म्हणून तर जास्त लागायचं. एक तायसिया, रोदिओनची बायको, कधी हसली नाही. तिने कधी विचारलंही नाही. ती वारली त्याला तीन हिवाळे झाले होते.

खरं सांगायचं तर, सांगून सांगून रोदिओनलाच कळेनासं झालं होतं की उंचवटा होता की नव्हता. डोळे मिटले की कधी दिसायचा, कधी नाही. म्हणूनच आज त्याने धावत येऊन फावडं धरलं होतं. इथे काही निघालं नाही, तर मरेपर्यंत आणि मेल्यावरही तो खोटारडा ठरणार होता.

"येफीमिच, आत्ताच कबूल करून टाका," गर्दीतून एक बाई ओरडली. "थंडी वाजतेय आम्हाला!"

"अहो, खणा खोल, चाळणीतून गळलेला चेंडूही सापडेल!"

लोक खदखदून हसले. रोदिओनने कोटाच्या खिशात हात कोंबले. मनात म्हणाला, अर्काशा, एवढं कसलं रे वैर? म्हातारपणी तरी सोडायचं होतंस.

अर्कादीने गोलरेषेच्या दोन पावलं पुढे फावडं रोवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खणकन आवाज झाला.

हसणं जागच्या जागी थांबलं. अर्कादी गुडघ्यांवर बसला, हातांनी माती उपसली आणि धापा टाकत एक दगड वर काढला. चांगला डोक्याएवढा, गोलसर, करड्या रंगाचा.

"घ्या! बघा डोळे भरून!" तो ओरडला. "थंडीत जमीन गोठली की दगड वर सरकतो, माहीत नाही का तुम्हाला? शेतात बटाटे नाही काढलेत कधी? हा त्या वर्षी वर आला असणार. आणि आपण या माणसाला..."

मघाची बाई पुढे आली आणि तिने रोदिओनचे दोन्ही गाल धरून त्याचे मुके घेतले. "माफ करा हो, येफीमिच. आम्ही सगळी गाढवं." कुणी पाठ थोपटली, कुणी टोपी काढली. एक म्हातारा तर रडायलाच लागला. तो त्या दिवशी पगार पैजेवर लावून बसला होता म्हणे. रोदिओनच्याही डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. इतकं हलकं त्याला लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

अर्कादीने दगड त्याच्या हातांत सोडला. रोदिओनने तो जुन्या सवयीने दोन्ही हातांनी झेलला आणि छातीशी घट्ट धरला.

आणि वास आला.

खारट, आंबूस वास. त्याने मान आणखी खाली घातली. दगडाची एक बाजू घासून गुळगुळीत झाली होती, तिच्याभोवती मिठाचा पांढुरका पट्टा होता, आणि एका फटीत शेपूचं एक बी अडकलं होतं. तिखोबोर्स्कमध्ये असा दगड घरोघरी असतो. शरद ऋतूत कोबी चिरून, मीठ आणि शेपूचं बी लावून आंबायला पिंपात भरायचा, वर लाकडी झाकण आणि झाकणावर हा दगड. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जातो.

रोदिओनने वर पाहिलं. अर्कादी पाठमोरा होऊन सिगरेट पेटवत होता आणि काडी काही केल्या पेटत नव्हती. मघाशी बसताना गुडघ्यांना लागलेली माती ओली होती. पण त्याच्या कोपरांवरही माती होती, आणि ती वाळलेली होती. पहाटेची.

त्या सामन्यात ढोल घेऊन अर्कादी याच गोलाच्या मागे उभा होता. जाळीला नाक लावून. त्याच्याइतकं जवळून तो चेंडू कुणीच पाहिला नव्हता. उंचवटा खरंच असता, तर अर्काशाला घरून दगड आणावा लागला नसता. रोदिओनला हे कळलं आणि लागलं, फार लागलं. आणि त्याच क्षणी त्याला अर्काशाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं.

"हा दगड क्लबच्या खोलीत ठेवू या," क्लबचा तरुण संचालक पुढे होऊन म्हणाला. "काचेच्या कपाटात, चषकांच्या शेजारी. चालेल ना, रोदिओन येफीमोविच?"

काडी पेटवणारे अर्कादीचे हात थांबले.

रोदिओनने अंगठ्याने फटीतलं बी हळूच काढलं आणि खिशात टाकलं.

"चालेल की," तो म्हणाला. "पण आधी स्वच्छ धुऊन घ्या."

"झालं!" अर्कादी पुटपुटला. "आता चाळण म्हणायचीही सोय गेली. दुसरं काहीतरी शोधलं पाहिजे तुझ्यासाठी."

"शोध की. वेळच वेळ आहे तुला."

दोघांनी मिळून हातगाडीत गवताच्या चार वळकट्या भरल्या. आणि गाडी घराकडे ढकलत निघाले.

संध्याकाळी दार वाजलं. अर्कादीची बायको झिनाइदा उभी होती, हात कोपरापर्यंत कोबीच्या चिरलेल्या पानांनी माखलेले.

"येफीमिच, तुमच्याकडे तायसियाचा दगड असेल का हो? पिंप भरून बसलेय आणि आमचा दगडच गायब! माझ्या सासूच्या वेळचा. याला विचारलं तर म्हणतो, मला काय माहीत, दगडाला पाय फुटले असतील. इतकं डोकं फिरलंय ना माझं!"

रोदिओन गॅलरीत गेला. तायसियाचा दगड रिकाम्या पिंपात तसाच पडून होता. त्याने तो काढला, फडक्याने पुसला आणि आणून झिनाइदाच्या हातात दिला.

"तुमच्याकडेच राहू दे."

"छे हो, तायसियाची वस्तू! आमचा मिळाला की लगेच आणून देते." तिने दगड पोटाशी धरला आणि चेहरा वाकडा केला. "अगं बाई, भलताच जड आहे. आमचा इतका नव्हता."

"नाही, झीना," रोदिओन म्हणाला. "तुमचाच जास्त जड आहे. मी उचललाय."