मावशीच्या पडद्याची घडी

मी डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. डोळ्यामागच्या पडद्याचे थर फोटोत दाखवणारं मशीन माझ्याकडे असतं. आई आणि मावशीचं बावीस वर्षं बोलणं नव्हतं. मी मात्र आईच्या नकळत मावशीकडे जायचे. चष्म्याचा नंबर बदलूनही तिचं भागेना, तेव्हा मीच तिला मशीनपुढे बसवलं.

तिनं चष्मा काढला. जाड भिंगांतून नेहमी टपोरे दिसणारे तिचे डोळे प्रत्यक्षात शर्टाच्या बटणाएवढे होते.

"हनुवटी टेकव, मावशी. हिरव्या ठिपक्याकडे बघ."

"कुठल्या?"

पडद्याच्या मधोमध, जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते, तिथे एक बारीक खळगा असतो. मावशीला तो नव्हताच. तिथे घडी पडली होती.

डॉक्टर म्हणाले, "डोळे जन्मापासूनच लहान आहेत. पडदा आत नीट मावलाच नाही. चष्म्यानं हे भरून येत नाही. वीस पावलांवरचं माणूस यांना धड ओळखू येत नसणार."

मावशीनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "म्हणजे माझं लक्ष होतं."

बावीस वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण चार वर्षांची होती. आई कामावर गेली होती. मावशी तिला घेऊन जुन्या दगडखाणीजवळ कपडे वाळत घालायला गेली. धाकटी समोर बसलीय असं समजून मावशी गोष्ट सांगत राहिली. गोष्ट संपवून जवळ गेली, तर तो धाकटीचा करडा फ्रॉक नव्हता, दगड होता. धाकटी खाणीतल्या पाण्यात सापडली.

"चष्मा होता ना डोळ्यांवर?" आई सगळ्यांदेखत म्हणाली होती. "लक्ष नव्हतं म्हण." पुढे मावशीलाही तेच खरं वाटू लागलं.

फोटोची प्रत मी आईपुढे ठेवली. ती इस्त्री करत होती. मी सगळं सांगितलं.

"सुईत दोरा ओवायची ती," आई म्हणाली.

"नाकाला लावून ओवायची, आई."

तिनं इस्त्री बंद केली आणि खाली बसली. "ते मी रोज बघत होते," ती म्हणाली. "तरी पोरीला तिच्याकडे सोपवून गेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मावशीकडे गेलो. तिनं दार उघडलं, आईकडे बघितलं.

"कोण?"

"ताई, मी आहे," आई म्हणाली.

मावशीचा हात कडीवरच राहिला. मग ती बाजूला झाली. आम्ही तिघी टेबलाशी बसलो.

"एक विचारू?" मावशी म्हणाली. "धाकटी दिसायला कशी होती गं?"

आई अडखळत सांगू लागली. रुंद कपाळ, विरळ भुवया, हसताना वाकडा होणारा ओठ. मावशी ऐकत होती. मध्येच ती चौथ्या, रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि हळूच म्हणाली, "नीट बस बाळा, पडशील."

आई क्षणभर थांबली. मग त्या खुर्चीकडे बघतच पुढचं सांगू लागली.