शालूबाईची गोळी

"मुक्ता, आज गूळ नगं," शालूबाई म्हणाली. "गोळी कडू लागलीच न्हाई."

माधवनगरच्या त्या वृद्धाश्रमात मुक्ताबाई अकरा वर्षं आया होती. आंधळ्या शालूबाईला फिट येऊ नये म्हणून रोज सकाळी गोळी द्यायची, वर गुळाचा खडा. दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं गोळी आधी आपल्याच जिभेला लावली. नुसता खडू.

गोळ्यांची पाकिटं व्यवस्थापक हंबीररावाच्या कपाटात असत. तो डबीच्या झाकणात काढून ठेवील ती गोळी आयांनी द्यायची आणि वहीत सही करायची. कडक इस्त्रीचा माणूस. देणगीदार आले की म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, ते गेले की त्याच म्हाताऱ्यांची औषधं मिरजेला नेऊन विकायचा. स्वयंपाकिणीपासून विश्वस्तांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मुक्ताबाईलाही. पण आजवर नुसत्या टॉनिकच्या बाटल्या जात होत्या, म्हणून तीही गप्प होती.

तिनं विचारलं तेव्हा तो हसला. कंपनी बदलली, म्हणाला. "सही करायला शिकलीस म्हंजी डॉक्टर झालीस व्हय गं?"

त्या दिवसापासून तिनं सही बंद केली. झाकणात येईल ती गोळी मात्र देत राहिली. दुसरी आणणार कुठून?

रविवारी शालूबाईचा मुलगा मानसिंग जीप घेऊन आला. महिन्याच्या गोळ्या तोच आणायचा. मुक्ताबाईनं त्याला फाटकाशी गाठलं, सगळं सांगितलं, आजची पाकिटं माझ्या हातात द्या म्हणाली. मानसिंगनं घड्याळ बघितलं.

"मावशी, बोंबलू नगा. उद्या त्यो म्हणला घेऊन जा आईला, तर ठेवू कुठं?"

वीस एकर ऊस होता त्याचा. आईची खाट मावेल एवढी जागा त्यात नव्हती. पाकिटं त्यानं हंबीररावाच्याच टेबलावर ठेवली, वर चहा पिऊन गेला.

बुधवारी सकाळी शालूबाईला फिट आली. एक थांबली की दुसरी. डॉक्टर पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मानसिंग आला. हंबीररावानं रुमालानं डोळे टिपले, मग मुक्ताबाईपुढं वही सरकवली. सह्यांचे रकाने मोकळे होते. मागच्या तारखांच्या सह्या कर म्हणाला. मानसिंगनं मान डोलावली. कुणी विचारलंच तर वही चोख हवी.

मुक्ताबाईनं पेन घेतलं. एकेक अक्षर जोडत सगळ्या मोकळ्या रकान्यांवरून तिनं आडवं लिहिलं: खोटी गोळी मी दिली. खाली पूर्ण नाव, मुक्ताबाई ज्ञानू कांबळे.

हंबीररावानं पान फाडून खिशात कोंबलं.

"उद्यापासनं येऊ नगंस."

"आज हाय न्हवं," ती म्हणाली.

आत जाऊन तिनं शालूबाईचं डोकं मांडीवर घेतलं आणि विस्कटलेले केस विंचरायला बसली. बाहेर मानसिंग दोनदा खाकरला. तिनं घाई केली नाही.