पहिला पेढा

आकुर्डी स्टेशनसमोर कंपनीच्या सहलीची बस उभी होती. सगळ्यांची नजर खिडकीच्या जागेवर, मिनलची निरंजनच्या सॅकवर. उघड्या चेनमधून पेढ्यांचा डबा डोकावत होता. चाकणच्या कंपनीत त्यांच्या लाइनवर रिवाजच होता, लग्न ठरलं की पेढे. तीन वर्षं तो "घरी सांगतो, थोडं थांब" म्हणत आला होता. मुलगी बौद्ध म्हटल्यावर लातूरला आई काय म्हणेल, याची त्याला धास्ती. आता डबाच आणलाय म्हणजे आई 'हो' म्हणाली असणार! मिनलने तिथल्या तिथे गुडघ्याला बाशिंग बांधलं आणि आपल्या आईला फोनही करून टाकला. "आई, झालं गं! पेढे आणलेत त्याने."

कोकणात पोचल्यावर होडीतून बेटावर उतरून सगळे किनाऱ्याने चालायला लागले. एरवी मशीनच्या आवाजात खुणांनी बोलणारी ही माणसं आज उगाचच ओरडत होती. निरंजन मात्र गप्प, आणि सारखा पुढे पुढे. 'लाजतोय,' मिनल मनाशी म्हणाली. प्रेमात पडलेल्याला सबब शोधावी लागत नाही, आयती सापडते. खडक संपले तशी वाट कापणी झालेल्या भातखाचरांतून वर चढली. एका कौलारू घराच्या अंगणात म्हातारा-म्हातारी जाळं दुरुस्त करत बसली होती. इथे पुन्हा दोघांनीच यायचं, तिने ठरवूनही टाकलं.

दुपारी सुरूच्या सावलीत जेवणाचे डबे उघडले. निरंजन उठला आणि त्याने पेढे काढले.

"काय भावा, उडतोय का बार?" सुपरवायझर दिग्विजय ओरडला.

"ठरलं," निरंजन खाली बघत म्हणाला. "मुलगी उदगीरची. आईच्या नात्यातली."

शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी मुलीचं नाव विचारलं, त्याने सांगितलं, मिनलला ते ऐकूच आलं नाही. लाइनवर आणखी एक रिवाज होता. पहिला पेढा शेजारी उभं राहून काम करणाऱ्याला. या दोघांचं कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळे एका सुरात ओरडले, "आधी मिनलला दे की राव!"

तो आला. तिने हात पुढे केला आणि त्यालाच ऐकू जाईल असं विचारलं.

"घरी माझं नाव तरी काढलं होतंस का?"

"धीरच झाला नाही गं."

आई नाही म्हणाली असती तर मिनल भांडली असती, रडली असती, वाट पाहिली असती. न विचारलेल्या प्रश्नासाठी कुणाशी भांडायचं? तिने पेढा कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. उरलेलं बेट ती सगळ्यांबरोबर चालली. फोटोत हसलीसुद्धा. काळीज फाटलं तरी पाय चालतात, एवढं तिला त्या वाटेवर कळलं. बसमध्ये आईचे फोन येत राहिले, तिने एकही उचलला नाही.

रात्री घरी पोचली तर आई, भिमाबाई, नवी साडी नेसून दारातच उभी.

"फोन का उचलीना गं? पेढा आणलास का न्हाई?"

उत्तराची वाट न बघता तिने लेकीच्या पर्समध्ये हात घातला. कागद उलगडून पेढा बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवला, हात जोडले. मग पेढा मोडून अर्धा तोंडात टाकला. तिचे डोळे भरून आले होते.

"लई गोड हाय. त्यांची माणसं कवा येत्यात?"

मिनलने सांगायला तोंड उघडलं. भिमाबाईने उरलेला अर्धा पेढा त्यात भरवला.