काळी चार

गुरुदासाच्या घरी संध्याकाळची मैफल बसते, असं शिरोड्यात सगळे सांगतात. ती मैफल स्वयंपाकघरातून चालते हे मात्र कोणी सांगत नाही, कारण तिथे डोकावायला कोणी जात नाही. बाहेर चहा येतो, घावणे येतात, गाणी येतात, आणि हे सगळं आतून त्याची बायको सत्यवती पाठवते.

गुरुदास रिटायर होऊन मुंबईहून गावी आला तेव्हा त्यांच्या लेकाने, चंदनने, बाहेरच्या खोलीत कराओकेचा थाट मांडून दिला. मोठा टीव्ही, त्याला जोडलेला कॉम्प्युटर, दोन स्पीकर, दोन माइक. साथ मशीन करणार, शब्द टीव्हीवर येणार, आपण फक्त गळा लावायचा. गुरुदासाला गळा लावता येत होता, पण माउस धरता येत नव्हता. शिवाय प्रत्येक गाणं संपलं की गवयाने उठून कॉम्प्युटरपुढे वाकायचं, हे काही त्याच्या मानाला शोभेना. म्हणून चंदनने आपला जुना लॅपटॉप आईला दिला आणि अशी सोय केली, की बाहेरच्या कॉम्प्युटरवर जे दिसतं ते आत तिच्यासमोर दिसावं आणि तिने आत दाबलं की बाहेर व्हावं.

"आई, आता तुला बाहेर यायची गरजच नाही," तो म्हणाला. पुण्याला गेल्यापासून तो शुद्ध बोलतो. आईची मोठी सोय केली असं त्याला अगदी मनापासून वाटलं होतं. मुलगे बिचारे असल्याच सोयी करतात.

तेव्हापासून लॅपटॉप मसाल्याच्या डब्याशेजारी. दिवसभर काजूची बाग, गुरं, पाणी भरणं. ऊन कललं की सत्यवतीची कंबर बोलायला लागते आणि नेमकी तेव्हाच मंडळी येतात. "गो, फुडला लाव!" अशी बाहेरून हाक आली की वाटणाचे हात पुसायचे, गाणं लावायचं, पुन्हा हात वाटणात घालायचे. कीबोर्डवर तिने प्लास्टिक घातलंय, तरी काही बटणं हळदीने पिवळी झालीत ती झालीतच.

एक गोष्ट मात्र तिला या उठाठेवीत कळायला लागली, ती म्हणजे पट्टी. कोणी पेटीच्या कुठल्या पट्टीला सा धरून गायचं, हे ज्याच्या त्याच्या गळ्यावर असतं. मशीनमध्ये त्यासाठी दोन बाण होते, एक वर नेणारा, एक खाली आणणारा; एकदा दाबलं की पट्टी एक घर सरकायची. कोणाची ओढाताण होतेय हे तिला आत चुलीपाशी ऐकू यायचं. दुकानवाल्या धनेशला ती एक घर खाली घ्यायची, पोस्टातून निवृत्त झालेल्या भाईंना तीन. दोघांनाही वाटायचं की मशीन चांगलं आहे.

गुरुदासाचं तसं नव्हतं. तरुणपणी देवळातल्या सप्ताहात तो काळी चारमध्ये अभंग उचलायचा. काळी चार म्हणजे उंच पट्टी, तिथे गायला छाती लागते. 'काळी चारचो गुरुदास' हे नाव तेव्हाचं. मुंबईत नोकरीत आयुष्य गेलं, केस गेले, पण नाव टिकलं. घरातली पेटी त्याने देवळाला देऊन टाकली होती. "आता माका पेटी कित्याक? मशीन आसा," असं म्हणून. चंदननेही त्याची सगळी गाणी काळी चारलाच बसवून दिली होती.

गेल्या वर्षी त्याला ताप आला. ताप उतरला, खोकला मात्र मुक्कामालाच राहिला आणि जाताना गळ्यातलं काहीतरी घेऊन गेला. पहिल्याच संध्याकाळी उंच ओळीवर गुरुदासाचा आवाज फाटला. मंडळींनी खाली बघितलं. गुरुदासाने माइककडे बघितलं. मग दोन दिवस तो दुपारचा एकटाच माइक मांडीवर घेऊन बसला, बांगड्याचं तिखलं पानात तसंच टाकून उठला. सत्यवतीला ते बघवेना. तिसऱ्या दिवशी तो गायला उभा राहिला आणि तिने आतून खालचा बाण दोनदा दाबला.

गाणं नीट झालं. टाळ्या पडल्या.

"बघलंस?" तो बाहेरून ओरडला. "काळी चार! गळो अजून लोखंडाचो आसा!"

"बघलंय," ती आतून म्हणाली आणि भाकरी उलटली.

झाकली मूठ सव्वा लाखाची. पण गळा काही तिथे थांबला नाही, उतरत राहिला, आणि त्याच्या मागोमाग सत्यवतीचा बाणही. हळूहळू पाच घरं झाली. काळी चारचा गुरुदास आता काळी दोनमध्ये गात होता. घरात पेटी नव्हती, त्यामुळे त्याला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. सत्यवती मात्र थकली. खोटं सांभाळणं हेही घरकामच असतं, रोज करावं लागतं आणि केलेलं कोणाला दिसत नाही.

असं किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण एका संध्याकाळी देवळातला पेटीवाला बाबू आला.

"काका, सप्ताहात यंदा आपल्या वाडीचो पार तुमीच धरूचो. सगळ्यांनी ठरवला." सप्ताहात प्रत्येक वाडीला भजनाची पाळी असते, तिला पार म्हणतात. "अभंग तुमी उचला, आमी मागसून आसव. पट्टी खंयची?"

"इचारतंस काय?" गुरुदास हसला. "काळी चार. तुझ्या बापाशीक इचार."

आत तव्यावरचा घावणा करपला. सत्यवतीने तो तसाच उचलून बाजूला टाकला आणि बाबू निघाला तशी मागच्या दाराने जाऊन त्याला फाटकापाशी गाठलं.

"बाबू, पेटी वायच खाली धर. त्येंका सांगा नको."

"काकी, मी एकटो खाली धरून कसा चलात? पखवाज पण त्याच पट्टीत लावूचो लागता. टाळकरी त्याच पट्टीत बोलतले. ता काय तुमच्या घरातला मशीन आसा?" बाबू हसला. "आणि काकांका खाली कित्याक होया?"

याला काय सांगायचं? बाबूला सांगणं म्हणजे सगळ्या वाडीला सांगणं. ती परत आली.

जेवताना तिने विषय काढला. "पार धरतासा तर धरा. पण वायच खालच्या पट्टीत गावा. आता वय झाला."

गुरुदास माशातला काटा काढत होता. "तुका गाण्यातला काय कळता?" तो म्हणाला, आणि आणखी कढी मागितली.

रागाने म्हणाला असता तर तिने उलट उत्तर दिलं असतं. पण तो सहज म्हणाला, लहान पोराला समजावतात तसा. सत्यवतीला इतका संताप आला की कढीची वाटी तिने त्याच्या पानापुढे आदळली. जा, गा, तिच्या मनात आलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, कळू दे सगळ्या गावाला. पण भांडी घासता घासता तिला देवळाचा मंडप दिसायला लागला. मधोमध गुरुदास, कपाळाला बुक्का, हात वर, तोंड उघडं, आणि आवाज नाही. मग सगळ्यांनी तसंच खाली बघितलेलं. नवरा पदरी पडून पवित्र झाला होता, त्याची फजितीही तिच्याच पदरात पडणार होती. तोंडाने सांगून पटत नाही तर कानाने पटेल, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुदास एकटाच सरावाला बसला. "गो, तो अभंग लाव."

पेटी-पखवाजाची ती साथ चंदनने खास करून पाठवली होती. सत्यवतीने ती लावली आणि नेहमीच्या पाच घरं खालच्या पट्टीपेक्षा एक घर वर नेली. गुरुदास गायला. ठीक गायला. "परत लाव!" तिने आणखी एक घर वर नेलं. आता त्याला ओळीच्या मध्येच श्वास घ्यावा लागला. तिला इथूनही कळत होतं की त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या असतील. "परत!" तिने तिसरं घर वर नेलं.

उंच ओळीवर आवाज फाटला. गुरुदास खाकरला, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच फाटला. काळी चारला अजून दोन घरं बाकी होती. सत्यवतीचं बोट धजेना. तिने हात पदराला पुसले आणि तशीच उभी राहिली.

"मशीन बिघाडला!" बाहेरून आवाज आला. "काल बरा होता. थांब, चंदनाक फोन करतंय."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. फोन लागला, गुरुदासाने स्पीकरवर टाकला. "थांबा बाबा, मी इथून बघतो," चंदनचा आवाज आला. थोड्या वेळाने सत्यवतीच्या लॅपटॉपवरचा माउसचा बाण आपोआप हलायला लागला. तिचा हात तर पदरात होता. पुण्याला बसून लेक तिचं स्वयंपाकघर उघडत होता. बाण अभंगावर गेला, मग एकेका गाण्यावर जाऊन थांबत खाली उतरला.

"बाबा, मशीन ठणठणीत आहे," चंदन म्हणाला. "अभंग उलट मूळ पट्टीपेक्षा दोन घरं खालीच आहे. आणि तुमची बाकीची गाणी तर सगळी पाच घरं खाली ठेवलेली दिसतायत. काळी चार कुठली, तुम्ही काळी दोनमध्ये गाताय. तुम्हीच सांगितलं होतं ना आईला? हॅलो? बाबा?"

फोन बंद झाला. बाण जिथे होता तिथे थांबला.

गुरुदास स्वयंपाकघराच्या दारात आला. तो इकडे कधी येत नाही, त्यामुळे कुठे उभं राहावं हेही त्याला कळेना. त्याने हळद लागलेली बटणं बघितली, कडेला वाटणाचं ताट बघितलं.

"कधीपासून?"

"तुमचो ताप गेल्यापासून."

"म्हणजे वरसभर गायलंय ता सगळा खोटा?"

"गायलास ता खरा. पट्टी खाली होती इतकाच."

"माका सांगूचा नाय?"

"काल सांगलंय." सत्यवतीच्या तोंडून भराभर शब्द बाहेर पडले. "तुमी म्हणालास, तुका गाण्यातला काय कळता. वरसभर ह्या चुलीकडे उभी रवान तुमचो गळो ऐकतंय. कधी खाली घेवचो, किती घेवचो, तुमका कळाचा नाय असो कसो घेवचो. माजी कंबर मोडली. आता देवळात मी काय बाण घेवन येतलंय? माका आता होवचा नाय."

गुरुदास तांदळाच्या डब्यावर टेकला. माइक अजून हातातच होता. एकदम म्हातारा दिसला तो तिला, आणि वाईट वाटलं. पण शब्द परत घ्यावेत असं काही वाटलं नाही. ती खरं बोलली होती, आणि दमली होती.

गुरुदास माइकची जाळी नखाने खरवडत बसला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"बाबू, गुरुदास बोलतंय. पखवाज उतरव. काळी दोन." पलीकडून बाबू काहीतरी म्हणाला. "होय, बरोबर ऐकलंस. काळी दोन." त्याने एकदा सत्यवतीकडे बघितलं. "नाय रे, बरो आसंय. म्हातारो झालंय. इचारतीत त्येंका तसाच सांग."

त्याने फोन ठेवला. बोलताना आवाज कुठे फाटला नव्हता.

बाहेर ऊन कललं होतं. मंडळी यायला थोडा अवकाश होता. गुरुदास उठला, लॅपटॉपपुढे जाऊन उभा राहिला आणि माइक तिच्यापुढे धरला.

"तू भायर जा. आज मी हयसर उभो रवतंय."

"भायर जावन काय करू?"

"गा. लग्नात उखाणो घेतलंस तेवा किती गोड आवाज होतो तुझो." तो पिवळ्या बटणांवर वाकला. "सांग. तुझी पट्टी खंयची गो?"

धनेशची सत्यवतीला ठाऊक होती. भाईंची ठाऊक होती. याची तर उतरत्या घरांसकट ठाऊक होती. स्वतःची ठाऊक नव्हती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण कोणी विचारली नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिनेही कधी बघितली नव्हती. तिने माइक घेतला, बाहेर गेली आणि नवऱ्याच्या खुर्चीत बसली. बसल्यावर तिला कळलं की पाय किती दुखत होते.

समोर टीव्हीवर बाण भलतीकडेच फिरत होता. एकदा गाणं सुरू झालं, एकदा बंद पडलं, एकदा आवाज भसकन वाढला. आतून डबा पडल्याचा आवाज आला.

"गो, माका काय तो बाण गावना नाय! तुझी पट्टी सोदूची कशी?"

सत्यवतीने पाय लांब केले आणि माइक मांडीवर ठेवला.

"सोदा," ती म्हणाली. "माका घाई नाय. मी बसलंय."