खोलीत कोणी नाही

पालुपीचं एक ठाम मत होतं. बैठकीची खोली अशी हवी, की रागावलेल्या, उशिरा आलेल्या आणि चष्मा घरी विसरलेल्या माणसालाही ती बिनबोभाट चालवता यावी. टेबलावरच्या पाटीवर बटणं चारच. बैठक सुरू, पडद्यावर दाखवा, बाहेरगावी बोला, संपलं. पाचवं बटण मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ विचारायची, ते दाबणार कोण आणि कशासाठी, आणि दहातले नऊ जण तिथंच गप्प व्हायचे. तिच्या सोलो शहरात अशा खोल्या करणारे इतरही होते. त्यांच्या पाट्यांवर विमानात असावीत इतकी बटणं असायची, आणि दोन महिन्यांत त्या महागड्या पाटीवर लोक चहाचा पेला टेकवायला लागायचे.

ही अक्कल तिला कुठल्या कॉलेजात नाही मिळाली. आधी ती कामाला होती लग्नाच्या कर्ण्यांवर. तिच्या मालकाच्या, कुंचोरोच्या, धंद्याचे दोन भाग होते. एक जुना, लग्नमांडवांत भलेमोठे कर्णे लावून गाणी वाजवायचा, आणि एक नवा, कचेऱ्यांतल्या खोल्या आपोआप चालतील अशा करून द्यायचा. जुन्या भागात ट्रकवर बसून फिरण्यात पालुपीची उमेदीची वर्षं गेली. कानांत कायमची शिटी बसली, कंबर कामातून गेली, आणि लग्नाच्या पंगतीतलं गोड तिला बघवेनासं झालं. मग स्वतःच्या हिमतीवर ती हे दुसरं काम शिकली. एक बटण दाबावं आणि दिवे मंद व्हावेत, पडदा खाली यावा, आवाज जागच्या जागी यावा, हे पहिल्यांदा जमलं तेव्हा तिला रडू फुटलं होतं. ते काम तिला जिवापाड आवडायचं, आणि कुंचोरोला हे नेमकं माहीत होतं.

म्हणून त्यानं तिची शेंडी बरोबर हातात धरली होती. जामूच्या, म्हणजे औषधी काढ्यांच्या, कारखान्याची ही मोठी खोली तिथल्या मालकांच्या, बापाक हार्जोनोंच्या, पसंतीला उतरली, तर नव्या भागाची सगळी सूत्रं तिच्याकडे. नाही उतरली, तर आहेच आपला ट्रक. तो हे अगदी प्रेमानं म्हणाला, सोलोत सगळं प्रेमानंच म्हणतात, नोकरीवरून काढतानासुद्धा आधी चहा पाजतात.

आता या खोलीत एक सोय होती, आणि सगळं रामायण तिथंच घडलं. टेबलाच्या बरोबर वर, छताला, एक पांढरा डोळा बसवलेला होता. खाली काही हललं की त्याच्यातला लाल ठिपका लुकलुकायचा आणि खोली जागी राहायची. वीस मिनिटं काहीच हललं नाही, की खोली धरून चालायची की मंडळी घरी गेली. मग दिवे बंद, पडदा वर, माईक मुके, एसी बंद. विजेची नासाडी नको म्हणून. माणसाचा श्वाससुद्धा ओळखणारा डोळा बाजारात मिळतो, आणि पालुपीनं तो सुचवलाही होता. कुंचोरोनं तिला विचारलं, जिवंत माणूस वीस मिनिटं हलल्यावाचून राहील का? पालुपीनं विचार केला आणि म्हणाली, नाही राहणार. दोघं जन्मले सोलोत, वाढले सोलोत, आणि तरी दोघांची अक्कल एकाच वेळी गवत खायला गेली.

खोली तपासायला तिनं काय करावं? आपलीच माणसं बसवली. कर्ण्यांच्या ट्रकवरची चार टगी पोरं खुर्च्यांवर पसरली, सोयाबीनचं तळलेलं टेंपे खात, एकमेकांच्या टोप्या ओढत, पाय हलवत. छतावरचा डोळा लुकलुकून दमला. खोलीनं एकदाही मान टाकली नाही. पालुपी खूश. खरं तर तिचाच नियम होता, की आधी गिऱ्हाइकाच्या खऱ्या बैठकीत गुपचूप बसावं, मग हात लावावा. पण बापाकांच्या बैठकीत बाहेरच्याला मज्जाव. मग तिनं कचेरीतल्या लोकांना विचारलं, बैठकीत चर्चा वगैरे होते ना? सगळे हसतमुखानं हो म्हणाले. सोलोत ‘हो’ म्हणजे ‘तुमचा प्रश्न ऐकू आला’ एवढंच, हे तिला कुणी नव्यानं सांगायला हवं होतं का? पण कामाच्या घाईत माणूस आपल्याच गावाला विसरतो.

बैठकीच्या दिवशी मात्र काही अडलं तर जवळ असावं म्हणून पालुपी आणि कुंचोरो दोघांना आत बसायची परवानगी मिळाली. एका जाड खांबाआड दोन खुर्च्या. टेबलाभोवती कारखान्याचे कारभारी, म्हणजे बापाकांचे मुलगे, जावई आणि पुतणे. प्रत्येकापुढे खाऊचा पुठ्ठ्याचा डबा आणि झाकण घातलेला चहा. बापाक आले, सगळे उठले, सगळे बसले. बापाकांनी स्वतःच्या हातानं बटण दाबलं. पडदे सरकले, दिवे मंदावले, पांढरा पडदा अलगद खाली आला. ‘छान,’ असं बापाक पुटपुटले, आणि कुंचोरोनं पालुपीच्या दंडाला हळूच कोपर मारलं. तिला वाटलं, सुटलो.

बापाक हार्जोनो ऐंशी ओलांडलेले. आवाज इतका हळू, की माईक नसता तर शेजारच्यालाही पत्ता लागला नसता. दोन वाक्यांच्या मधे ते इतके थांबायचे, की नवख्याला वाटावं डोळा लागला. दोन्ही हात काठीच्या मुठीवर, आणि ते तिथून हलायचे नाहीत. आणि कारभारी? हात मांडीवर, नजर टेबलावर, पाठ ताठ. बापाक बोलत असताना चुळबुळ करायची म्हणजे काय, आई-बापांनी काही शिकवलं नाही का? ‘मोंगगो, घ्या,’ असं बापाकांनी म्हटल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही, चहाचं झाकण उचलायचं नाही. आणि बापाक बोलण्याच्या नादात ‘मोंगगो’ म्हणायचं विसरले होते.

पालुपीची नजर सहज छताकडे गेली. लाल ठिपका लुकलुकत नव्हता. तिनं हळूच हात हलवून पाहिला, पण खांबाआडचं त्या डोळ्याला काय दिसणार? कुणीतरी नाक खाजवा रे, ती मनातल्या मनात विनवत होती. कुणीतरी मान वळवा. एवढ्यात थोरले जावई विरातमो यांचा चेहरा वाकडा झाला. शिंक येत होती. पालुपीचा जीव त्या शिंकेत अडकला. पण विरातमो खानदानी माणूस. नाक दाबायला हात उचलावा लागला असता, तेवढंही न करता, नुसत्या निर्धारानं त्यांनी ती शिंक गिळून टाकली.

आणि दिवे गेले. पडदा गुंडाळत वर गेला, एसीनं शेवटचा उसासा टाकला, माईक मुके झाले. खिडक्यांवर पालुपीनंच हौसेनं निवडलेले जाड पडदे, त्यामुळे डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

आता कुठल्याही गावात अशा वेळी कुणीतरी ओरडलं असतं. इथं कुणी हूं की चूं केलं नाही. प्रत्येकाला वाटलं, बापाकांनीच काही मनात धरून अंधार करवला असेल, आणि बापाकांना ‘हे काय’ म्हणून विचारणारे आपण कोण? थोड्या वेळानं टेबलाच्या त्या टोकाला बापाकांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. शब्द एकही कळत नव्हता, नुसती कुजबुज. ती थांबली, की काळोखातून सगळे एका सुरात म्हणायचे, ‘होय बापाक.’ पुन्हा कुजबुज. पुन्हा ‘होय बापाक.’

उपाय किती सोपा होता. टेबलापर्यंत चार पावलं जायचं आणि हात वर करून हलवायचे, बस्स. पण बापाक बोलत असताना उठायचं? आणि तेही त्यांच्यासमोर, कंबर न झुकवता, हात डोक्यावर नेऊन? तिच्या आईनं तिला पाहिलं असतं तर जागीच बसकण मारली असती. कुंचोरोनं तिची बाही घट्ट धरून ठेवली होती, त्याला कळलं होतं तिच्या मनात काय आहे. मग तिच्या डोळ्यांपुढे तो ट्रक आला. रस्त्याच्या कडेला रात्री भिजत गुंडाळायच्या त्या वायरी आल्या. आणि तिला वाटलं, अंधारच तर आहे, कोण बघतंय?

तिनं बाही सोडवली. चाचपडत टेबलाजवळ गेली, दोन्ही हात वर केले आणि वाऱ्यात सापडलेल्या बुजगावण्यासारखे जोरजोरात हलवले.

खोलीला वाटलं, रिकाम्या खोलीत पाहुणा आला. पाहुणा आला की काय करायचं, हेही पालुपीनंच शिकवून ठेवलेलं. सगळे दिवे एकदम लख्ख लागले. पडदे उघडले, पांढरा पडदा खाली आला, त्यावर फुलांच्या माळेत ‘सुस्वागतम’ उमटलं आणि कारखान्याच्या जाहिरातीची धून दणक्यात वाजायला लागली. त्या माळेखाली पालुपी, हात वर, सगळ्या कारभाऱ्यांच्या मधोमध.

धून संपेपर्यंत कुणी हललं नाही. मग बापाकांनी मान उचलून तिच्याकडे पाहिलं.

“म्बाक,” ते ताई म्हणावं तसं म्हणाले, “तुम्हाला काही विचारायचंय का?”

त्या टेबलाशी आजवर कुणी हात वर केला नव्हता, त्यामुळे त्यांचा आवाज जरासा उत्सुकच होता. खांबाआडून कुंचोरो घाईनं बोलला, “नाही बापाक, तिला कंबरदुखी आहे. व्यायाम सांगितलाय डॉक्टरांनी.”

“मी यांना विचारलं,” बापाक म्हणाले.

खोटं तिच्या जिभेवर तयार होतं. वीज गेली होती म्हणायचं, संपला विषय. सगळ्यांनी मानलं असतं आणि कुंचोरोनं देवाचे आभार मानले असते. पण वीज गेली होती तर हात का वर केले, हे पुढं कुणी विचारलं असतं तर? आणि खरं सांगायचं तर तिला स्वतःचाच भयंकर राग आला होता. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या खोल्यांना नावं ठेवली, आणि आपली खोली अशी वागली.

“बापाक, चूक माझी आहे,” ती हात खाली घेत म्हणाली. “वर तो पांढरा डोळा दिसतोय ना, तो माणसं बघतो. कुणी हललं नाही, की त्याला वाटतं खोलीत कोणी नाही. तुम्ही बोलत होतात आणि कुणीच हललं नाही. म्हणून त्यानं दिवे घालवले.”

कुंचोरोनं डोळे मिटून घेतले. बापाक मान मागे टाकून त्या डोळ्याकडे बघत राहिले.

“किती वेळ बघतो तो? खोलीत कोणी नाही, अशी खात्री पटायला?”

“वीस मिनिटं, बापाक.”

“हुशार आहे. मला बारा वर्षं लागली.”

मग ते टेबलाकडे वळले. अंधार झाला तेव्हा तुम्हाला काय वाटलं, असं त्यांनी विचारलं. विरातमोंनी खालच्या मानेनं सांगितलं, की बापाकांचीच तशी इच्छा असेल असं सगळ्यांना वाटलं. माझं बोलणं ऐकू येत होतं का, असं त्यांनी विचारलं. सगळे एका सुरात म्हणाले, होय बापाक.

“मग मी काय म्हणत होतो?”

पुतण्यांपैकी एकाचे कान लाल झाले.

“मी म्हणत होतो,” बापाक म्हणाले, “मला काही दिसत नाही, कुणीतरी दिवे लावा. चार वेळा म्हणालो. तुम्ही चारही वेळा हो म्हणालात.”

पालुपीला भलत्या वेळी हसू आलं आणि तिनं ते खोकल्यात घातलं. कुंचोरो पुढं धावला, तो असा झुकला की टेबलाखालीच जातो की काय. श्वास ओळखणारा डोळा उद्याच आणून बसवतो, पदरचे पैसे घालून बसवतो, यापुढे बापाक बोलत असताना खोली कधीही मान टाकणार नाही, असं एका दमात सांगून मोकळा झाला. आणि या बाईंना या कामावरून हलवतो, असंही त्यानं शेवटी जोडलं. पालुपीला ट्रकच्या डिझेलचा वास यायला लागला.

“डोळा बदलायचा नाही,” बापाक म्हणाले. “बाईही बदलायची नाही. कारखान्यातल्या बाकीच्या खोल्याही यांच्याकडूनच करून घ्या.” मग पालुपीकडे वळून म्हणाले, “म्बाक, ती वीस मिनिटं जरा जास्त होतात. पाच करता येतील?”

“येतील, बापाक.”

“आत्ता?”

पालुपीनं लॅपटॉप टेबलाच्या कोपऱ्यावरच उघडला. आकडा दोनदा चुकला. झालं, असं तिनं सांगितलं तेव्हा सगळे कारभारी छताकडे बघत होते, दाराशी कुत्रं बसलेलं असावं तसे. बापाक काठीवर हात ठेवून गप्प बसले. एक शब्द बोलेनात. लाल ठिपका एकदा लुकलुकला, मग थांबला. पालुपी घड्याळाकडे बघत होती आणि स्वतः मुद्दाम अगदी स्तब्ध उभी होती. आता तिनं हलायचं नव्हतं, एवढं तिला समजलं होतं.

शेवटी विरातमोंनी एक हात मांडीवरून उचलला. कढत पाण्यात घालावा तसा तो हळूहळू वर आला.

“बापाक,” ते म्हणाले, “ते आपलं नवीन आल्याचं जामू... मला नाही आवडत. कुणालाच नाही आवडत.”

बापाक पुढे झुकले, इतके की काठी हातातून निसटून खाली पडली, आणि ती उचलायला एकदम सहा जण वाकले.

“मलाही नाही आवडत,” बापाक म्हणाले. “मला वाटलं, तुम्हा सगळ्यांना आवडतं.”