रुंद रस्त्याचा प्रचार

सगळे ज्याला भोंगा म्हणत त्या पोराने माईकचं बटण बंद केलं आणि टेम्पो पुरता थांबायच्या आत आत्याच्या दुकानासमोर उडी मारली.

"अरे, प्रचार संपायला तासभर राहिलाय!" ड्रायव्हर ओरडला.

"घसा ओला करून येतो."

आठवडाभर त्याचा आवाज गल्लीबोळांतून फिरत होता. त्याआधी दोन वर्षं तो घरात बसून भिंतींना विनोद सांगत होता. मग निवडणुकीला उभ्या साहेबांच्या माणसांनी त्याला प्रचारासाठी उचललं आणि एक वाक्य पढवलं: साहेबांना मत म्हणजे रुंद रस्ता. रस्ता नेमका कुठून रुंद होणार, हे काल प्रचार कार्यालयात चहा पिताना त्याच्या कानावर पडलं.

आत्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होती. वर न बघताच म्हणाली, "आला का माझा तोफखाना! काय गोड बोलतोस रे. दुकानांच्या अख्ख्या ओळीला सांगून ठेवलंय, मत साहेबांनाच. शेजारचा घड्याळवाला नाहीच म्हणत होता. त्याला माझी शपथ घातली."

"आत्या, नको देऊ मत. ही बाजू पाडणार आहेत. तुझं दुकान जाणार."

मशीन थांबलं नाही.

"ठाऊक आहे."

"काय?"

"मागे त्याची माणसं फीत लावून दुकानं मोजून गेली ना. पण साहेब पडला तर तुला कुत्रं तरी विचारेल का? निवडून आला तर तुला कायमचा नोकरीला चिकटवतो म्हणालाय. माझं काय, डोळे तसेही गेलेत. बसेन घरी."

"आणि बाकीचे?"

आत्याने दाताने दोरा तोडला.

"टेम्पोत बस जा."

भोंगा जाऊन बसला. टवाळी करताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती. आता त्याने माईकचं बटण चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. टेम्पो हलवत ड्रायव्हरने कोपराने ढोसलं.

"ऐका हो ऐका! साहेबांना मत म्हणजे रुंद रस्ता! आणि रुंद रस्ता म्हणजे काय? तर या उजव्या हाताची सगळी दुकानं साफ! आत्याचं पहिलं!"

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. आत्या अभ्रा हातात घेऊनच पायरीवर आली.

"मेल्या! हातची नोकरी घालवलीस!"

डोळ्याला भिंग तसंच ठेवून घड्याळवाला बाहेर आला. टेम्पोकडे त्याने बघितलंसुद्धा नाही.

"ताई," तो म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?"

आत्या अभ्र्याची घडी घालायला लागली.